दसऱ्याची कोरी चिंधी

अहो,

मला एवढीच हाक येते. तुमचं नाव मी जन्मात एकदाच घेतलं, लग्नात, तेही सासूबाईंनी चिमटा काढला तेव्हा. आता तुम्ही नाही म्हणून ते कागदावर लिहायचं धाडस माझ्याच्याने होत नाही. कोण हाक मारतंय ते तुम्हाला कळेलच.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. उद्या सकाळी विठू भावोजी सरदारांच्या वाड्यावर जाऊन बंदूक जमा करणार आहेत. चार दिवसांपूर्वी दसरा झाला. वारज्याच्या माळावर नेहमीसारखा उंच काठीला नारळ बांधला होता, आणि तुमच्या धाकट्या भावाचा नेम चुकला. काल चुलीपाशी येऊन बसले आणि म्हणाले, "वहिनी, दादाची नजर चाळिशीला गेली, आता माझी गेली. आमच्या घराण्यातच आहे ते. फौज आठ दिवसांत निघेल. असल्या डोळ्यांनी मोहिमेवर जाऊन दुसऱ्याचा जीव कशाला घालवू?"

मी भाकरी थापत होते. तव्यावरची करपेपर्यंत थापतच राहिले.

अहो, तुमची नजर गेली नव्हती. शेवटच्या दिवसापर्यंत गेली नव्हती. मला हे चार वर्षं ठाऊक आहे, आणि तुम्हाला कळू नये म्हणून मी काय केलं ते आज सांगणार आहे. भावोजींना आजच सांगायला हवं. पण तुमची गोष्ट तुमच्याआधी दुसऱ्याला कशी सांगू? म्हणून आधी तुम्ही ऐका.

तुम्हाला आठवतं का, मी या घरात आले तेव्हा किती रुसले होते? माझ्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा शिंपी आहे, हाताला सफाई आहे, शनिवार पेठेत बिऱ्हाड आहे. आणि प्रत्यक्षात काय, तर नवरा फौजेबरोबर डेरे शिवायला म्हणून गेला आणि सुई टाकून बंदूक घेऊन परत आला! सासूबाई कपाळाला हात लावून बसल्या होत्या. तुम्ही मात्र त्या लांबलचक नळीकडे असे पाहत होतात की मला त्या लोखंडाचा मत्सर वाटला. खोटं कशाला बोलू, सवतीचा वाटावा तसा.

मग एक दिवस मला अंगणात बोलावलंत. समोर बंदूक, एक शिशाची गोळी आणि फाटक्या धोतराचा तुकडा. म्हणालात, "शिंप्याची मुलगी ना तू? मग सांग, गोळी नळीत टाकली तर काय होईल?" मी टाकून पाहिली. ती खडखडत खाली गेली. तुम्ही म्हणालात, गोळी आणि नळी यांच्यात केसाएवढी फट राहते. तेवढ्या फटीतून दारूचा अर्धा जोर निसटतो, आणि गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, वाटेल तिकडे जाते. पण तिच्याखाली तेलात भिजवलेली चिंधी ठेवली आणि दोघींना मिळून गजाने ठासलं, तर गोळी जागच्या जागी घट्ट बसते. नेम निम्मा डोळ्याचा आणि निम्मा चिंधीचा, असं तुम्हीच म्हणाला होतात. त्या दिवशी माझा रुसवा गेला. बंदूक तुमची असली तरी अर्धं काम माझं होतं.

पुढे बुधवार पेठेतला तो कापडवाला आपल्याला पाहिलं की गाशा गुंडाळायला लागायचा! तुम्ही ठाण उन्हात धरून विणीतून उजेड येतो का ते पाहायचात. मी तिरकं ओढून पाहायची, नखाने चिमटून जाडी बघायची. मग दोघंही आळीपाळीने कापडाला तोंड लावून फुंकायचो. फुंकर आरपार गेली की ते कापड बाद, कारण जिथून श्वास जातो तिथून आगही जाते. एकदा तो वैतागून म्हणाला, "कापड घ्यायचंय की पेटवायचंय?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "दोन्ही." आणि त्या दिवशी काही न घेताच आपण घरी आलो.

मलमल जळून जायची. रेशीम गोळीवरून घसरायचं. पासोडीची चिंधी इतकी जाड की गोळी अर्ध्यावर अडकायची, आणि अडकलेल्या गोळीवर बार काढला तर नळीच फुटते, म्हणून ती तुम्ही मला घरातही ठेवू दिली नाहीत. शेवटी आपल्याला सापडलं ते घट्ट विणीचं मांजरपाट. पण कोरं नाही. कोऱ्या कापडात खळ असते, ते ताठ राहतं, तेल पीत नाही आणि ठासताना गोळीच्या एका बाजूला चिरतं. ते आधी अंगाला लावून दोन वर्षं वापरायचं, ओंकारेश्वराच्या घाटावर आपटून आपटून मऊ करायचं, आणि त्याचं जुनेर झालं की मग त्याच्या चिंध्या. तेल तिळाचं, त्यात थोडं मेण. हे सगळं मला तोंडपाठ होतं. म्हणूनच पुढे जे झालं त्याला अजाणता झालं असं म्हणायची सोय नाही.

माळावर सराव करून आलात की उपरण्याच्या गाठीत उडालेल्या चिंध्या घेऊन यायचात. बार झाला की गोळी पुढे जाते आणि चिंधी पंधरा-वीस पावलांवर गळून पडते. त्या तुम्ही वेचून आणायचात आणि मी ओसरीवर मांडून बघायची. मध्यभागी नुसती काळी, कडा शाबूत, म्हणजे बार चांगला. भोक पडलेली असेल तर कापड पातळ. एका अंगाने चिरलेली असेल तर कापड ताठ. कुठल्या कापडाची कुठली ते लक्षात राहावं म्हणून पिशव्यांवर नावं घालायची होती, त्यासाठी तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. मी पहिला शब्द लिहिला तो "जुनेर". आज हा कागद लिहिते आहे तो त्याच अक्षरांनी. ती कशाकरता शिकवलीत आणि कशाला उपयोगी पडताहेत!

आता त्या दसऱ्याचं सांगते.

खंडेनवमीला हत्यारं पुजली. दुसऱ्या दिवशी माळावर सरदार स्वतः येणार होते. एकेका बंदूकवाल्याला एकच गोळी, नारळ पडला तर तो माणूस मोहिमेत सरदारांच्या शेजारी, चुकला तर मोहिमेच्या तोंडावर अपशकुन. तुमचा नारळ अकरा वर्षांत कधी चुकला नव्हता. मी चिंध्या कापायला बसले आणि हातात आलं ते तुमचं जुनं धोतर, ठिगळ लावलेलं. मनात आलं, अरे, सणाचा दिवस, हत्यार पुजलेलं, घरातलं चिल्लंपिल्लंसुद्धा नवं नेसलंय, आणि या बंदुकीलाच तेवढं जुनं फडकं? मला ते अभद्र वाटलं. घरात कोरं मांजरपाट होतं. एकदाच पाण्यातून काढलं, वाळवलं, कापलं, तेलात टाकलं. तेल नीट मुरलं नाही तेही दिसलं मला. म्हटलं, एकाच गोळीचा तर प्रश्न आहे.

एकाच गोळीचा प्रश्न होता!

तुम्ही घरी आलात ते मान खाली घालून, त्या दिवशी चिंधी न वेचताच. बंदूक खुंटीला लावलीत, पाय धुतलेत, आणि जेवायला बसल्यावर म्हणालात, "नारळ मला स्वच्छ दिसत होता. निदान दिसतोय असं वाटत होतं." मी ताटात भात वाढला. तुम्ही दोन घास घेतलेत. मग विचारलंत, "चिंधी कुठल्या कापडाची होती गं?"

मी म्हटलं, "नेहमीचीच."

हा शब्द माझ्या तोंडून भीतीने गेला. रागावाल असं वाटलं होतं. उद्या सकाळी सांगू, असंही ठरवलं होतं मनात, देवाशप्पथ.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेणी आणायला जाते म्हणून निघाले आणि चालत वारज्याच्या माळावर गेले. तिथली एक म्हातारी शेरडं चारत होती. म्हणाली, "काय शोधतीस गं बाई? नारळ व्हय? त्यो तर तसाच हाय काठीला. गोळी त्या बाभळीत गेलीया बघ, डाव्या अंगाला." मी नारळाकडे पाहिलंही नाही. गवतात चिंधी सापडली. एका अंगाने वरपासून खालपर्यंत चिरलेली, मध्ये काजळलेली, बाकी पांढरीफटक, तेलाचा डाग नावाला. एवढी वर्षं मी तुमच्या चिंध्या बघितल्या, ही बघायला पळभरही लागलं नाही.

ती कमरेला खोचून घरी आले, सांगायचंच म्हणून. तुम्ही ओसरीवर होतात. सुई हातात होती, भावोजींचा अंगरखा मांडीवर. मला पाहून म्हणालात, "मी यंदा मोहिमेवर जात नाही. सरदारांना तसं कळवलं. नजरेचा भरवसा नाही आता." आणि मग म्हणालात, "चल, दिवाळीला यंदा घरी आहे मी."

अकरा वर्षांत तुम्ही एकाही दिवाळीला घरी नव्हतात. दसरा झाला की जायचात, आणि मी आखाडापर्यंत रोज दारावर कोण आलं ते पाहून दचकायची. शेजारच्या कुणा लेकीचा नवरा मोहिमेत पडल्याची बातमी यायची, आणि मला आधी हायसं वाटायचं की आपली नाही, मग लाज वाटायची. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता? आणि आता तुम्ही दिवाळीला घरी होतात.

मी आत गेले आणि चिंधी चुलीत घातली.

झालं. हेच ते. आता काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

मोहीम निघून जाईपर्यंतच गप्प बसायचं, असं मी ठरवलं होतं. मग सांगीन. मोहीम गेली. मग म्हटलं, आता सांगून काय, दिवाळी होऊ दे. मग संक्रांत. असं करत तीन वर्षं गेली. मला त्या तीन वर्षांबद्दल काय वाटतं ते सांगू? माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुखाची वर्षं होती. तुम्ही ओसरीवर शिवत बसायचात, मी आत निवडत-पाखडत, मध्ये भिंत होती तरी आपण दिवसभर बोलायचो. खडकवासल्याहून लेक माहेरपणाला आली की तिला बाप घरात सापडायचा. आणि त्याच तीन वर्षांत तुम्ही आतून वाळत होतात हेही मला दिसत होतं.

पेठेतली माणसं काय कमी होती का? समोरचे भटजी एकदा म्हणाले, "काय शिंपी, देवळात नारळ वाढवायचाय, लांबून फोडता का?" तुम्ही हसलात. मला मात्र ते हसणं पाहवलं नाही, आत निघून गेले. बाहेर येऊन त्यांना खरं सांगितलं असतं तर एका वाक्यात त्यांचं तोंड बंद झालं असतं. माझंही झालं असतं म्हणून नाही सांगितलं.

सुईत दोरा ओवायचात तेव्हा माझा जीव वरखाली व्हायचा. एका फटक्यात दोरा आत! मला वाटायचं, आता यांच्या लक्षात येईल, आता येईल. तुम्ही म्हणायचात, "जवळचं दिसतं अजून. लांबचं गेलं." मग नदीपलीकडच्या झाडावरचं पाखरू कुठलं ते मला सांगायचात, आणि तरी म्हणायचात, लांबचं गेलं! अहो, थोडं तुमचंही चुकलं ना? अकरा वर्षांचे नारळ एकीकडे आणि एक चुकलेला एकीकडे, तर त्या एकावरच एवढा विश्वास कसा ठेवलात? पुन्हा एकदा बंदूक उचलून का नाही पाहिलंत? मला दुसऱ्यांदा का नाही विचारलंत? दुसऱ्यांदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं असं मला वाटतं. खात्री नाही.

श्रावणात ताप आला तेव्हाही वेळ होती. सहा दिवस होते. पाचव्या दिवशी तुम्ही डोळे उघडलेत आणि अगदी शुद्धीत विचारलंत, "नारळ उजवीकडे होता का गं? मी डावीकडे धरलं का?" मी तुमच्या कपाळावरची पट्टी बदलत होते. तीही जुनेराचीच होती. मी म्हटलं, "निजा आता." मरणाऱ्या माणसाला मी निजा म्हटलं, अहो. उत्तर माझ्यापाशी होतं आणि मी पट्टी पिळत बसले.

तुम्ही गेलात. गेल्या वर्षी दुखवट्यामुळे घरात दसरा झाला नाही. यंदाचा हा पहिला. त्या दसऱ्यानंतर भावोजींच्याही चिंध्या मीच जुनेरातून कापून द्यायची, आणि त्यांचा नेम कधी चुकला नव्हता. पण यंदा मला कोणी विचारलं नाही. कोणी नाही म्हणालंही नाही, नुसतं विचारलं नाही. सणाच्या हत्याराला विधवेचा हात कसा लावायचा? सगुणेने, भावोजींच्या बायकोने, चिंध्या कापायला घेतल्या. मी चौकापलीकडून पाहिलं. तिच्या मांडीवर पांढरंशुभ्र कोरं कापड होतं. तिच्याही मनात तेच आलं असणार, सणाला जुनं कसं द्यायचं. बरोबर माझीच चूक, माझ्या डोळ्यांसमोर, आणि मी काय केलं? मला विचारलं नाही ना, मग बसा, असं म्हणून तोंड फिरवलं. मी मोठी मानी! माझ्या मानापायी एका माणसाने दसऱ्यानंतर आणखी दोन वेळा सरावही करून पाहिला, त्याच चिंध्यांनी, आणि दोन्ही वेळा चुकला. आता तो स्वतःला आंधळा समजतो आहे.

आणि सगुणा आनंदात आहे. काल सकाळपासून गुणगुणतेय. फराळाचं काय काय करायचं ते मला विचारून गेली. तिच्या तोंडावरचा तो आनंद मी ओळखते. तिसरं मूल पोटात आहे तिच्या. मी गप्प बसले तर तिचा नवरा घरी राहील, तिची दिवाळी होईल, आणि तिला तर काहीच ठाऊक नाही, तिचा दोषही नाही. बोलले तर तो जाईल. परत येईल की नाही ते कोणी सांगावं?

तरी मी जाते आहे सांगायला. तुम्ही तीन वर्षं जसे बसलात ना त्या ओसरीवर, तसा दुसरा माणूस मला त्या जागी बसलेला पाहवणार नाही. उरलेलं आल्यावर लिहिते.

*

काल लिहिणं जमलं नाही. आज दुपार झाली आहे. भावोजी सकाळीच सरदारांच्या वाड्यावर गेले, बंदूक घेऊन. पण जमा करायला नाही.

काल मी गेले तेव्हा ते चौकात बसून नळीला तेल लावत होते, दुसऱ्याच्या हाती द्यायची तर स्वच्छ करून द्यावी म्हणून. सगुणा तांदूळ निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. तुम्हाला लिहिलं ते सगळं. कोरं कापड, बाभळीतली गोळी, "नेहमीचीच", चूल. बोलताना वाटलं होतं रडू येईल, ते आलं नाही.

भावोजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "दादाला कळलं होतं?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत नाही."

त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "वहिनी, तो रोज संध्याकाळी नदीवर जाऊन पलीकडच्या काठावरची माणसं मोजायचा. किती दिसतात ते. मला म्हणायचा, सोळा दिसली, खरी किती होती रे? मी सांगायचो, सोळाच. त्याला वाटायचं मी मन राखतोय."

हे मला ठाऊक नव्हतं. तुम्ही नदीवर जायचात ते देवळाला जाता असं मला वाटायचं.

मी त्यांच्यापुढे तीन चिंध्या ठेवल्या. तुमच्या धोतराच्या, सकाळी कापून तेलमेणात बुडवून ठेवलेल्या. वर्षभर त्या धोतराला मी कोणाचा हात लागू दिला नव्हता. भावोजींनी एक चिंधी उचलली, तोंडाला लावून फुंकली, आणि बंदूक घेऊन माळाची वाट धरली. दिवेलागणीला परत आले. उपरण्याची गाठ सोडून तिन्ही चिंध्या माझ्यापुढे मांडल्या, तुम्ही मांडायचात तशाच. मध्यभागी काळ्या, कडा शाबूत. नारळाचा एक तुकडाही होता, तो त्यांनी सगुणेच्या हातात दिला.

मला म्हणाले, "मोहिमेच्या चिंध्या कापून ठेवा. उद्या वाड्यावर सगळ्यांसमोर सांगतो, दादाचा नेम चुकला नव्हता. कापड चुकलं होतं. कुणी कापलं ते विचारलं तर तेही सांगणार." मी म्हटलं, "सांगा." त्यावर म्हणाले, "आणि वहिनी, मी तुमच्याशी पुन्हा नीट कधी बोलेन ते मला आत्ता सांगता येत नाही." एवढं बोलून आत गेले. तुमचेच भाऊ ते. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

पण खरी गोष्ट त्यानंतर झाली. सगुणा तो नारळाचा तुकडा हातात धरून तशीच उभी होती. मला वाटलं, दोष तिच्याकडे जातो म्हणून रागावली असेल. मी म्हणायला लागले, "अगं, तुझी काही चूक नाही, मलाही तेव्हा..." तिने मला पुरं बोलू दिलं नाही.

म्हणाली, "जाऊबाई, तुमचे होते तेव्हा तीन वर्षं गप्प बसलात. तुमची दिवाळी करून घेतलीत. माझ्याच वेळी बरं तोंड उघडलं."

अहो, तुम्ही असता तर काय बोलला असता? ती खरं बोलली. तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते. ती आत जाऊन निजली, रात्री जेवली नाही, आणि आज सकाळी माझ्याकडे न पाहता भावोजींच्या वाटेच्या दशम्या करायला घेतल्या. मी शेजारी बसून पीठ मळून दिलं. तिने ते घेतलं, एवढंच.

मी तुमची क्षमा मागायला हा कागद लिहिला नाही. मागितली असती तर तुम्ही लगेच दिली असती, तुमचा स्वभाव तो, आणि मग मला पुन्हा सुखाने निजता आलं असतं. ते नको. त्या तीन वर्षांचा मला पश्चात्ताप होतो का, असं विचाराल तर तेही सरळ सांगते. तुम्ही झुरलात त्याचा होतो. तुम्ही घरी होतात त्याचा होत नाही. दोन्ही एकदम कसं खरं असतं ते मला कळत नाही, पण आहे.

आता तुम्हाला शब्द देते. भावोजी परत येईपर्यंत मी सगुणेला सोडून कुठेही जाणार नाही. खडकवासल्याला लेकीने बोलावलं तरी नाही. ती बोलो, न बोलो, बाळंतपण मी करीन, आणि दारावर कोणी आलं की आधी मी उठेन, तिला उठू देणार नाही. तिला जी भीती आता रोज वाटेल ती माझ्यामुळे आहे, तेव्हा तिच्या शेजारी बसणं माझं काम आहे. आणि भावोजींच्या चिंध्या शेवटपर्यंत मीच कापीन, सण असो, सुतक असो, कोणी विचारो, न विचारो.

आणखी एक. पुढच्या जन्मी मला तुमच्याच पदरात घातलं, आणि पुन्हा असा नारळ चुकला, तर तुम्ही जेवायला बसायच्या आत खरं सांगेन. फाटकी चिंधी तुमच्या हातात देईन. आणि मग तुम्ही बंदूक घेऊन निघालात ना, की उंबऱ्यावर आडवी पडेन. भावोजींसमोर, पेठेसमोर, लाजलज्जा सोडून भोकाड पसरीन. अकरा वर्षं मी हसून निरोप दिला तीच पहिली खोटी गोष्ट होती, अहो. पुढच्या खेपेला तसं करणार नाही. मी किती घाबरते ते तुम्हाला दिसू देईन. दिसेल तुम्हाला. नजर चांगली आहे तुमची.

तुमचीच,
रखमा